सतराव्या वर्षी मालक झालेला गायक नट : केशवराव भोसले

पोर्ट लुईचे जुने थिएटर आपल्या परिचयाचे आहे. १८२२ साली उघडलेल्या त्या वास्तूत फ्रेंच गायक मंडळ्यांचे ऑपेरा होत असत. ऑपेरा म्हणजे गाण्यातून सांगितलेले नाटक. नायक रागावला तरी गातो, नायिका रडली तरी गाते, आणि त्यासाठी नटाचा गळा लहानपणापासून शास्त्रशुद्ध तयार करावा लागतो. उसाच्या मळ्यात राबणाऱ्या आपल्या पूर्वजांना त्या थिएटराच्या दारातून आत जाण्याचा प्रसंग फारसा आला नसेल. परंतु ते जो मुलूख मागे ठेवून आले, त्या मुलुखात ऑपेराचे एक सख्खे भावंड पुढे जन्माला आले, ही गोष्ट आपल्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. त्या भावंडाचे नाव मराठी संगीत नाटक.

या आठवड्यात आम्ही या संगीत नाटकाच्या एका गायक नटाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा नट वयाच्या चौथ्या वर्षी नाटक मंडळीत आला, सतराव्या वर्षी त्याने स्वतःची मंडळी काढली आणि एकतिसाव्या वर्षी तो जगातून गेला. बाकीचे कलावंत ज्या वयात नाव कमवायला सुरुवात करतात, त्या वयात याचे सारे काही करून संपले होते. त्यांचे नाव केशवराव विठ्ठल भोसले.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी संगीत नाटक म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्याआधीही मराठी नाटकात गाणे होतेच, पण ते बहुधा सूत्रधार गात असे. किर्लोस्करांनी पदे पात्रांच्या तोंडी घातली. शकुंतलेचे पद शकुंतलेनेच म्हणायचे आणि दुष्यंताचे दुष्यंताने. या एका बदलाने नटाची सारी तयारीच बदलली. देखणा चेहरा आणि स्पष्ट वाणी एवढ्यावर आता भागेना. नटाला राग कळला पाहिजे, ताल कळला पाहिजे आणि गळा फिरला पाहिजे.

ऑपेरात आणि आपल्या संगीत नाटकात एक मोठा फरक आहे. ऑपेराचे गाणे कागदावर स्वरांत लिहून ठेवलेले असते आणि गायकाने ते बहुतांशी तसेच म्हणायचे असते. आपल्याकडे पदाची चाल तेवढी ठरलेली. त्या चालीत रंग कसा भरायचा, तान कोठे घ्यायची, कोणत्या शब्दावर थांबायचे, हे नटाने उभ्याउभ्या ठरवायचे. प्रेक्षकांनी वन्समोअर दिला की तेच पद पुन्हा म्हणायचे, आणि ते पहिल्यापेक्षा निराळे वठले पाहिजे. शेजारी पायपेटी किंवा सारंगी आणि तबला. ध्वनिक्षेपक नाही. नाटक रात्री सुरू होई आणि पहाटेपर्यंत चाले. शेवटच्या रांगेतल्या माणसाला अखेरच्या अंकातही पद ऐकू गेले पाहिजे, अशी त्या गळ्याची परीक्षा असे.

आणखी एक गोष्ट. त्या काळी घरंदाज बायका रंगभूमीवर येत नसत. बहुतेक मंडळ्यांतून स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत आणि तरुण नायिकांच्या भूमिका कोवळ्या आवाजाच्या मुलांना मिळत. त्यामुळे नाटक मंडळ्यांचे लक्ष नेहमी अशा मुलांकडे असे. गोड गळ्याचे पोर दिसले की त्याच्या आईबापांकडे निरोप जाई.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. आपल्यापैकी ज्यांची घराणी रत्नागिरीकडची आहेत त्यांनी ध्यानात घ्यावे की आंबा घाट चढून वर गेले की पुढे कोल्हापूर लागते. घर मराठा समाजातले आणि गरिबीचे. वडील लवकर वारले. मुलांना वाढवायचा सारा भार आईवर आला. गळा असलेला मुलगा नाटक मंडळीत दिला तर त्याच्या जेवणाखाण्याची आणि अंगावरच्या कपड्याची काळजी मिटते, हा त्या काळी गरीब घरांतला एक मार्ग होता. लहानगा केशव वयाच्या चौथ्या वर्षाच्या सुमारास स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला, तो असा.

चार वर्षांचे मूल म्हणजे आपल्याकडे बालवाडीत जाणारे मूल. एवढे मूल घर सोडून परक्या माणसांत गेले, हे वाचताना आज आपल्या पोटात कालवते. नाटक मंडळी म्हणजे फिरते बिऱ्हाड. आज एका गावी मुक्काम, महिन्याने दुसऱ्या गावी. सामान बैलगाडीत नाही तर रेल्वेच्या डब्यात. सगळ्यांची पंगत एकत्र आणि झोपायला एकच मोठी खोली. सकाळी तालीम, दुपारी पाठांतर आणि नाटकाच्या रात्री जागरण. शाळा अशी केशवच्या वाट्याला फारशी आली नाही. मंडळी हीच त्याची शाळा होती. जे शिकायचे ते कानाने. पद ऐकायचे, मनात ठेवायचे आणि म्हणून दाखवायचे. चुकले की पुन्हा. आपल्या जुन्या झाकरीच्या गाण्यांप्रमाणेच ही विद्या तोंडातून कानाकडे जाणारी होती. फरक इतकाच की येथे चुकण्याची किंमत मोठी होती. ज्या पोराचा गळा चालत नाही त्याला मंडळी कोठवर पोसणार?

केशवचा गळा चालला. आधी त्याला लहानसहान कामे मिळाली. मग एक नाटक आले आणि त्याने या मुलाचे आयुष्य पालटून टाकले. ते नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’.

‘शारदा’ प्रथम रंगभूमीवर आले ते १८९९ साली. त्यापूर्वीची संगीत नाटके बहुतेक पुराणातली किंवा संस्कृतातून घेतलेली. देवलांनी डोळ्यांसमोरचा विषय घेतला. पैशाच्या लोभाने एक बाप आपली कोवळी मुलगी एका श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला निघतो, ही त्या नाटकाची कथा. अशी लग्ने तेव्हा घरोघर होत होती. प्रेक्षकांत बसलेल्या पुष्कळ स्त्रियांनी हे दुःख स्वतः भोगलेले होते. बालविवाहाविरुद्ध १९२९ साली झालेल्या कायद्याला लोक शारदा कायदा म्हणत आणि तो या नाटकावरून आला असे पुष्कळांना वाटे. वास्तविक तो कायदा हरबिलास सारडा यांच्या आडनावाने ओळखला जातो. पण असा समज होण्याइतके हे नाटक लोकांच्या मनात रुजले होते.

मूळ ‘शारदा’ किर्लोस्कर मंडळीचे. स्वदेश हितचिंतक मंडळीही ते करू लागली. तेथे शारदेचे काम करणारा मुलगा मंडळी सोडून गेला आणि मालकांपुढे पेच पडला, असे सांगतात. नाटक लागलेले आणि नायिका नाही. तेव्हा ते काम दहा-बारा वर्षांच्या केशवकडे आले.

या प्रसंगात एक विलक्षण जुळणी आहे. शारदा ही लहान मुलगी आहे. तिचे काय व्हायचे ते मोठी माणसे ठरवितात. तिला कोणी विचारीत नाही. आणि तिचे काम करणारा केशव हाही असाच एक मुलगा होता, ज्याचे काय व्हायचे ते इतरांनीच ठरविले होते. शारदेची भीती त्याला शिकवावी लागली नसेल. त्याच्या खड्या, उंच आवाजातून ती पदे बाहेर पडली तेव्हा प्रेक्षागृह हेलावून गेले. लोक ‘शारदा’ पाहायला म्हणून येत ते केशवला ऐकायला म्हणून येऊ लागले. लुगडे नेसलेला हा लहान मुलगा मंडळीचा कमावता आधार झाला.

परंतु कमावता झाला म्हणून तो स्वतंत्र झाला नव्हता. गळा त्याचा, पण तो कोठे गाणार, काय गाणार, कोणाबरोबर गाणार, हे मालक ठरवीत. त्या काळच्या बहुतेक बालनटांची कथा एवढ्यावरच संपते. कारण एक दिवस आवाज फुटतो. मुलाचा पुरुष होताना गळा बदलतो आणि कालपर्यंत ज्याला लोक डोक्यावर घेत होते त्याला मंडळीत दिवे लावण्याचे किंवा पडदे ओढण्याचे काम मिळते. नाटक मंडळ्यांच्या इतिहासात अशी किती मुले विरून गेली असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. केशवराव त्या वळणावरून सुखरूप पार झाले. त्यांचा आवाज मोठेपणीही उंचच राहिला आणि त्याला धार आली, पल्ला आला. निसर्गाची कृपा तर होतीच, पण त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनतही होती.

आता त्यांच्या आयुष्यातला मोठा निर्णय आला. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे केशवरावांनी ललितकलादर्श नाटक मंडळीची स्थापना केली. त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. हुबळी आज कर्नाटकात आहे. पण मराठी नाटक मंडळ्यांना भाषेची सीमा तेव्हा आडवी येत नसे. हुबळी, धारवाड, बेळगाव ही गावे मराठी नाटकाच्या मुक्कामाची हक्काची ठिकाणे होती आणि तेथील कानडी प्रेक्षक गाण्याचे मोठे दर्दी. ज्याला मराठी पुरते कळत नाही तोही पदासाठी रात्रभर बसे.

सतरा वर्षांच्या मुलाने नाटक मंडळी काढणे म्हणजे काय, याचा आपण विचार करून पाहू. नट हवेत, गवई-वादक हवेत, आचारी हवा. पडदे, कपडे, दागिने, पेट्या हव्यात. पन्नास-पाऊणशे माणसे रोज दोन वेळा जेवतात. पाऊस लागला किंवा गावात प्लेग आला की नाटक बंद, पण पंगत बंद ठेवता येत नाही. उधारी देणारा सावकार दारात असतो. हे सारे ओझे ज्याने उचलले त्याच्याकडे ना वडिलार्जित पैसा होता, ना शिक्षणाची पदवी, ना कोणाचा वशिला. त्याच्याकडे गळा होता, एवढेच. आजवर तो गळा दुसऱ्याच्या मंडळीत राबत होता. आता तो स्वतःच्या मंडळीसाठी राबणार होता. आमच्या मते केशवरावांच्या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. गाणे पुष्कळांना येते. आपल्या गाण्याचे धनी आपण व्हायचे, ही हिंमत थोड्यांना होते.

मालक झाल्यावर केशवराव शिकायचे थांबले नाहीत, उलट नेटाने शिकू लागले. टाळ्या मिळाल्या की विद्या पुरी झाली असे समजणाऱ्यांपैकी ते नव्हते. त्यांना गुरू मिळाले ते रामकृष्णबुवा वझे. बुवा सावंतवाडी संस्थानातले, म्हणजे आपल्या कोकणातलेच. गरिबीत वाढलेले बुवा गाणे शिकण्यासाठी तरुणपणी उत्तरेत गेले, अन्नान्न दशा सोसून त्यांनी ग्वाल्हेरची गायकी मिळविली आणि महाराष्ट्रात परत येऊन मोठे नाव कमावले. अनवट, म्हणजे फारसे कोणी न गाणारे राग त्यांच्या संग्रही पुष्कळ होते. बुवांनी केशवरावांना तालीम दिली आणि ललितकलादर्शच्या नाटकांतील पदांना चालीही दिल्या. मैफलीत विद्वानांपुढे गायची चीज घ्यायची, तिला मराठी शब्दांचा पेहराव द्यायचा आणि ती पिटातल्या प्रेक्षकालाही भिडेल अशी करायची, हे काम सोपे नव्हे. बुवांनी चाल द्यावी आणि केशवरावांनी ती घरोघर पोचवावी, असे हे गुरुशिष्य होते.

नाटकांची निवडही पाहण्यासारखी आहे. जुनी लोकप्रिय नाटके करून मंडळीचे पोट भरता आले असते. केशवरावांनी नव्या लेखकांना हात दिला. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ त्यांनी रंगभूमीवर आणले. त्यात त्यांची मृणालिनीची भूमिका गाजली. १९१६ साली भार्गवराम विठ्ठल वरेरकर यांचे ‘हाच मुलाचा बाप’ आले. विषय होता हुंड्याचा. हे वरेरकर म्हणजेच पुढे मामा वरेरकर म्हणून प्रसिद्धीस आलेले नाटककार, आणि तेही कोकणचेच. १९१९ साली त्यांचेच ‘संन्याशाचा संसार’ झाले. धर्मांतर करून गेलेल्या माणसाला परत घ्यायचे की नाही, हा त्यातला प्रश्न. आजही हे विषय शिळे झालेले नाहीत. लहानपणी ‘शारदा’ नाटकात उभा राहिलेला मुलगा मोठेपणी स्वतःच्या पैशाने अशीच समाजाला प्रश्न विचारणारी नाटके उभी करीत होता.

नाटक डोळ्यांनाही खरे वाटले पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. पडदे रंगविण्यासाठी त्यांनी कोल्हापूरचेच आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्यासारखे चित्रकार जोडले. बाबूराव पेंटर हे केशवरावांच्याच वयाचे, १८९० सालीच जन्मलेले. पुढे त्यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि मराठी चित्रपटाचा पाया घातला. एका गावातली दोन गरीब घरांतली मुले, एक गळ्याने आणि एक कुंचल्याने, एका रंगमंचावर एकत्र आली होती.

त्यांच्या या गावाचा राजाही तसाच होता. राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली युरोपात जाऊन आले. तेथली भव्य क्रीडांगणे आणि नाट्यगृहे त्यांनी पाहिली. आपल्या प्रजेलाही असे काही असावे म्हणून त्यांनी कोल्हापुरात खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधविले आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभारले. हे थिएटर १९१५ साली उघडले. मागासलेल्या समाजांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा हा राजा गरिबाघरच्या गुणी माणसांची बूज राखणारा होता. केशवरावांवर त्यांचा लोभ होता. नाटकाचे तिकीट सर्वांना परवडत नाही, तेव्हा एकदा गोरगरिबांसाठी उघड्यावर नाटक करावे, अशी महाराजांची इच्छा झाली आणि केशवरावांनी खासबागेच्या मैदानात देवलांचे ‘मृच्छकटिक’ केले, अशी आठवण कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. वर मोकळे आकाश, समोर हजारोंचा समुदाय आणि हाती ध्वनिक्षेपक नाही. तरीही केशवरावांचे पद मैदानाच्या कडेला बसलेल्या माणसापर्यंत पोचले, असे जुनी माणसे आपल्या नातवंडांना अभिमानाने सांगत.

याच काळात मराठी रंगभूमीवर दुसरा एक सूर्य तळपत होता. त्यांचे नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. ते केशवरावांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाची तालीम त्यांना मिळाली होती. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ साली त्यांनी भागीदारांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांचे स्त्रीवेषातले रूप आणि त्यांचा गोडवा यांनी महाराष्ट्र वेडा झाला होता. केशवरावांचे गाणे जोमाचे, तेजस्वी आणि झेपावणारे. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ आणि मधाळ. साहजिकच प्रेक्षकांत दोन तट पडले. हॉटेलांतून, पारांवरून, कचेऱ्यांतून वाद झडत. कोण मोठा? त्यातच त्या काळी ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद पेटलेला होता. एक नट ब्राह्मण आणि दुसरा मराठा. त्यामुळे गाण्याच्या वादाला नसता रंग चढण्याची भीती होती.

या वादाला दोघा नटांनी जे उत्तर दिले ते मराठी माणसाने कधी विसरू नये असे आहे. लोकमान्य टिळक १९२० साली वारले. त्यांच्या नावाने महात्मा गांधींनी टिळक स्वराज्य फंड सुरू केला. त्या फंडासाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून एक नाटक करावे असे ठरले. नाटक होते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात हा संयुक्त ‘मानापमान’ झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. पहिल्या रांगांच्या तिकिटाचा दर शंभर रुपये होता. त्या काळी साध्या नोकरदाराचे कित्येक महिन्यांचे पगार मिळून शंभर रुपये होत. तरी थिएटर भरून गेले.

नाटकाची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली मौज कळेल. धैर्यधर हा शूर पण गरीब सेनानी. श्रीमंत घरची भामिनी त्याच्या गरिबीचा अपमान करते. शेवटी त्याचे गुण पाहून ती त्याच्यापुढे नमते. चार वर्षांचा असताना गरिबीमुळे नाटक मंडळीत आलेले केशवराव त्या रात्री धैर्यधर म्हणून उभे होते. धैर्यधराच्या पदांना आपल्या गळ्याची धार कशी लावायची यासाठी त्यांनी विशेष मेहनत घेतली होती. मुळात ‘मानापमान’ हे दुसऱ्या मंडळीचे, बालगंधर्वांच्या हातातले नाटक. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन गायचे होते. त्या रात्री कोण जिंकले याचा निकाल पुढे कित्येक वर्षे लोक आपापल्या परीने लावीत राहिले. आमच्या मते त्या रात्री दोघेही जिंकले, आणि हरला तो तट पाडणारांचा हट्ट. नंतर दोघे ‘सौभद्र’ नाटकातही एकत्र उभे राहिले.

आता केशवरावांना काय कमी होते? वय तीस-एकतीस. गळा ऐन भरात. मंडळी नावारूपाला आलेली. गुरूंचा हात पाठीवर. यापुढची पंचवीस-तीस वर्षे त्यांची आहेत असेच सर्वांना वाटले असेल. पण दैवाच्या मनात वेगळेच होते. त्यांना विषमज्वर झाला. आज ज्याला आपण टायफॉईड म्हणतो तोच हा ताप. आज डॉक्टरांनी वेळेवर गोळ्या दिल्या की रोगी उठून बसतो. पण तेव्हा या तापावर हुकमी औषध नव्हते. ते पुढे कित्येक वर्षांनी निघाले. संयुक्त ‘मानापमान’ होऊन तीन महिनेही झाले नव्हते. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव वारले. एकतीस वर्षांच्या आयुष्यातली सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी रंगभूमीवर काढली होती. दुसऱ्या वर्षी, १९२२ साली, शाहू महाराजही गेले.

मालक गेला की नाटक मंडळी मोडते, हा त्या काळचा नेहमीचा अनुभव. पडदे विकले जातात, नट पांगतात. ललितकलादर्श मोडली नाही. केशवरावांचे सहकारी बापूराव पेंढारकर यांनी ती सांभाळली. तेही वझेबुवांचेच शिष्य. १९३७ साली बापूराव वारले. त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांचा जन्म केशवराव गेले त्याच वर्षीचा, १९२१ सालचा. त्यांनी मोठे झाल्यावर ललितकलादर्श पुन्हा उभी केली आणि २०१५ साली आपण स्वतः जाईपर्यंत तिचे नाव राखले. सतरा वर्षांच्या मुलाने हुबळीला लावलेल्या या रोपाने आपली शंभर वर्षे पाहिली. पैशाने बांधलेल्या पुष्कळ संस्था इतकी वर्षे टिकत नाहीत.

कोल्हापूरकरांनीही आपल्या गायकाची आठवण ठेवली. शाहू महाराजांच्या पॅलेस थिएटरला १९५७ साली केशवराव भोसले नाट्यगृह असे नाव देण्यात आले. ज्या राजाने गुण पाहिले त्याच्या वास्तूला, ज्याचे गुण पाहिले त्या गरीब मुलाचे नाव. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला भीषण आग लागली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. शंभरावर वर्षांची ती वास्तू जळताना पाहून कोल्हापूरचे म्हातारे-कोतारे रस्त्यावर उभे राहून रडले. मात्र नाट्यगृह पुन्हा पहिल्यासारखे बांधायचे असा निश्चय लगोलग झाला आणि कामही हाती घेण्यात आले. ज्याच्या नावाची ती वास्तू होती त्याने हाती काही नसताना उभे राहून दाखविले होते, याची आठवण यावेळी अनेकांना झाली असेल.

आपल्या मॉरिशसमध्येही मराठी नाटक जिवंत आहे. दरवर्षी नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने गावोगावची मुले-मुली तालमी करतात. घरी क्रियोल बोलणारी ही मुले मराठी संवाद पाठ करतात तेव्हा पुष्कळ अडखळतात, हे आपण पाहतो. कधी कधी वाटते, एवढी धडपड कशासाठी? अशा वेळी त्यांना केशवरावांची गोष्ट जरूर सांगावी. ज्याला शाळा मिळाली नाही तो ऐकून शिकला. नाव झाल्यावरही तो गुरूपुढे बसून शिकला. आणि ज्याच्यावर पोटासाठी गाण्याची वेळ आली त्याने स्वतःच्या बळावर पन्नास-पाऊणशे माणसांचे पोट भरले.

एक गोष्ट मात्र पालकांनीही मनात ठेवावी. केशवराव मोठे झाले म्हणून चार वर्षांच्या मुलाला दूर धाडणे योग्य ठरत नाही. त्या काळी तो गरिबीचा नाइलाज होता. आज आपली मुले शाळेत जाऊन, आपल्या आईच्या हातचे जेवून, संध्याकाळी तालमीला जाऊ शकतात. जे सुख केशवला मिळाले नाही ते त्यांना मिळते आहे. तेव्हा मुलाचा गळा चांगला असेल तर त्याला चांगला गुरू पाहून द्यावा, आणि त्याचे गाणे त्याचेच राहू द्यावे.